पादपीठ आणि प्रतिकृती

कांटने 1790 च्या आपल्या सौंदर्यमीमांसेत चित्राची चौकट, पुतळ्यावरील वस्त्रे आणि प्रासादाभोवतीची स्तंभावली यांना कलाकृतीची बाह्य भूषणे मानले. पुतळ्याखालचे पादपीठ या यादीत नाही. 1978 मध्ये देरिदाने याच यादीच्या आधारे कृतीचे 'आत' आणि 'बाहेर' कोठे विभागायचे, हा प्रश्न उभा केला. एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच अलंकृत पादपीठांच्या संदर्भात तो प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही.

आशील कोला याने 1830 च्या दशकात पुतळ्याची लहान आकारातील हुबेहूब प्रतिकृती काढणारे यंत्र सिद्ध केले. 1838 मध्ये फेर्दिनां बार्बेदियन याच्याशी त्याची भागीदारी झाली, आणि लूव्हरमधील व्हीनस सुखवस्तू पॅरिसकराच्या दिवाणखान्यात आली. प्रत्येक प्रत दुसरीसारखीच. येथे पादपीठाचे कार्य पालटते. ब्राँझची मूर्ती एकाच साच्यातून अनेकदा ओतता येते. संगमरवरातील शीर मात्र पुन्हा तशीच उमटत नाही. लांगदोकचा तांबडा दगड, पिरेनीजमधील कांपांचा हिरव्या-लाल शिरांचा दगड, त्यावर सोन्याचा मुलामा दिलेले पुष्पहार : प्रतिकृतीने गमावलेले एकमेवपण तिच्या पायाशी साठू लागले. बेंजामिनने ज्या तेजोवलयाचा लोप सांगितला, ते निदान काही काळ दगडात आश्रयाला आले होते, असे म्हणावे लागते.

अर्थात हा दगड निष्पाप नव्हता. द्वितीय साम्राज्यकाळात पादपीठांसाठी व घड्याळांसाठी लोकप्रिय झालेला अर्धपारदर्शक 'ऑनिक्स' (खनिजदृष्ट्या तो कॅल्साइटच) अल्जीरियातून येई, आणि तो देश 1830 पासून फ्रान्सने जिंकत आणला होता. शार्ल कोर्दिए याने 1861 च्या 'वसाहतींतील काप्रेस' या अर्धपुतळ्यात कृष्णवर्णीय स्त्रीचा चेहरा ब्राँझमध्ये आणि वस्त्र याच दगडात घडवले. ज्याला कांट भूषण म्हणतो, त्या वस्त्रातच येथे वसाहतीची भूमी आहे. अभिरुचीच्या इतिहासकारांनी हा दगड बहुधा रंगापुरताच पाहिला.

घरातील पादपीठाने प्रतिकृतीला प्रतिष्ठा दिली, तर चौकातील पादपीठाने वीराला. रोदॅंने 'कॅलेचे नागरिक' घडवताना ही उंचीच नाकारण्याचा विचार केला होता : मृत्यूला सामोरे जाणारे सहा जण जमिनीच्या पातळीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांत मिसळून उभे असावेत. 1895 मध्ये कॅले येथे शिल्पाचे अनावरण झाले ते मात्र उंच पादपीठावर, लोखंडी कठड्याच्या आत. रोदॅं 1917 मध्ये निवर्तला. शिल्प नगरभवनासमोरच्या बुटक्या बैठकीवर उतरले ते 1924 मध्ये.