मातीचं पाखरू : वसईतून पाहिलेला शॉटगनच्या छंदाचा इतिहास



वसईत 'बंदूक' हा शब्द नुसता उच्चारला तरी आपलं मन थेट १७३९ सालात जातं. चिमाजी अप्पांचा वेढा, तटाखाली पेरलेले सुरुंग, तोफांचा मारा. आपल्या गावात बंदुकीचा इतिहास म्हणजे लढाईचा इतिहास, अशी आपली पक्की समजूत आहे. आज आपण बंदुकीच्या एका वेगळ्याच वाटेनं जाणार आहोत. या वाटेवर शत्रू नाही, शिकारही नाही. हवेत एक तबकडी उडते, माणूस ती फोडतो आणि वहीत एक गुण मांडला जातो. इंग्रजीत हिला 'क्ले पिजन' म्हणतात, म्हणजे मातीचं कबूतर. आता त्यात माती नाही आणि कबूतरही नाही. मग हे नाव आलं कुठून? ते शोधताना आपण लंडनहून निघून वसईतल्या तर्खड गावापर्यंत येऊन पोचतो, म्हणून हा विषय आजच्या व्याख्यानाला घेतला.

सुरुवातीला थोडी ओळख करून घेऊ. रायफलीतून एक गोळी सुटते. शॉटगनमधून सुटतात छर्रे. ऑलिंपिकच्या काडतुसात २४ ग्रॅम शिसं असतं, म्हणजे शेकडो बारीक छर्रे. आपल्याकडे 'बारा बोरची बंदूक' म्हणतात, त्यातल्या बाराचा अर्थ असा : एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे करा, त्यातला एक गोळा जिच्या नळीत नेमका बसेल ती बारा बोर. तबकडी ११० मिलिमीटर व्यासाची आणि १०५ ग्रॅम वजनाची असते, आणि ती डांबरासारख्या पदार्थात चुनखडीची भुकटी कालवून केलेली असते. जमिनीखालच्या खंदकातून यंत्र ती भिरकावून देतं, नेमबाजापासून दूर जाणारी. कुठल्या कोनात येईल ते त्याला आधी ठाऊक नसतं. हा झाला 'ट्रॅप'. 'स्कीट'मध्ये दोन बाजूंच्या दोन घरट्यांतून तबकड्या निघतात, एक उंचावरून आणि एक खालून. नेमबाज अर्धवर्तुळावरच्या आठ जागा बदलत त्या फोडत जातो.

ट्रॅप म्हणजे सापळा. हा सापळा मुळात खऱ्या कबुतरांसाठी होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये जिवंत कबुतरं पेटीत कोंडायची, दोरी ओढली की पेटी उघडायची, पाखरू उडायचं आणि बार व्हायचा. खड्ड्यात कबूतर ठेवून त्यावर जुनी टोपी झाकायची, अशीही एक पद्धत होती. आजही नेमबाज तबकडी मागताना 'पुल' असं ओरडतो, म्हणजे 'ओढ'. दोरी केव्हाच गेली, शब्द तेवढा मागे राहिला. १९०० साली पॅरिसला ऑलिंपिकच्या वेळी जिवंत कबुतरांवर नेमबाजी झाली आणि शेकडो पाखरं मेली. त्यानंतर तसा प्रकार ऑलिंपिकच्या मैदानात पुन्हा झाला नाही. ब्रिटनमध्ये कोंडलेल्या पाखरांवर बार काढायला १९२१ साली कायद्यानं बंदी आली.

पर्यायाचा शोध मात्र त्याआधीच सुरू झाला होता. अमेरिकेत १८६० च्या दशकात काचेचे गोळे आले. अ‍ॅडम बोगार्डस नावाच्या प्रसिद्ध नेमबाजानं ते उडवण्याचं यंत्र सुधारलं. काही गोळ्यांत पिसं भरलेली असत. गोळा फुटला की पिसं उडायची आणि बघणाऱ्याला पाखरू पडल्याचं समाधान मिळायचं! पण शेतभर काचा व्हायच्या. मग १८८० साली सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्हस्कीनं भाजलेल्या मातीची चपटी तबकडी काढली. पाण्यावर टप्पे खात जाणाऱ्या चपट्या दगडांवरून त्याला ही कल्पना सुचली, अशी कथा सांगतात. आपल्या वाडीतल्या बावखलावर असे दगड कुणी मारले नाहीत? गोल वस्तू गुरुत्वाकर्षणानं पडते, चपटी फिरत गेली तर हवेवर तरंगते. त्या एका निरीक्षणावर हा खेळ उभा आहे.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईभोवतालची भातखाचरं, खाड्या, मिठागरं ही हिवाळ्यात पाहुण्या पक्ष्यांची ठिकाणं. त्यात पाणलावा हा पक्षी इंग्रज शिकाऱ्यांच्या विशेष आवडीचा. चिखलातून अचानक उठतो आणि वेडावाकडा उडतो. इंग्रजीत त्याचं नाव 'स्नाइप'. हिंदुस्थानातल्या इंग्रज अधिकाऱ्यांमध्ये अठराव्या शतकात पाणलाव्याच्या शिकारीची चर्चा चालायची, आणि त्याच शब्दातून पुढे 'स्नायपर' निघाला. आपल्या भातशेतीतल्या एका भुरकट पक्ष्यानं जगाच्या लष्करी कोशाला शब्द दिला, एवढं लक्षात ठेवा.

पण ही शिकार सगळ्यांची नव्हती. १८७८ च्या शस्त्रकायद्यानं सामान्य हिंदी माणसाच्या हातात परवान्याशिवाय बंदूक राहिली नाही, युरोपियनांना मात्र बहुतांशी सूट होती. म्हणजे शेत आपलं, पाखरू आपल्या शेतातलं आणि बार त्यांचा. या छंदाच्या मुळाशी ही विषमता आहे. ती विसरून आपण नुसत्या 'जुन्या काळच्या शिकारकथा' सांगत बसलो, तर तो इतिहास अर्धवट राहील.

१५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यातले सहा युरोपियन आणि दोन आपले : डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. हे आत्माराम पांडुरंग म्हणजे प्रार्थना समाजाचे संस्थापक, व्याकरणकार दादोबा पांडुरंगांचे धाकटे बंधू. आडनाव तर्खडकर. हे आडनाव ज्या गावावरून आलं, ते तर्खड आपल्या वसई तालुक्यातलं. सोसायटीतले कितीतरी सभासद शिकारी होते. स्टुअर्ट बेकर यांची हिंदुस्थानातल्या बदकांवरची लेखमाला तिच्याच जर्नलमध्ये आली, आणि ती शास्त्रज्ञाइतकीच बंदूकवाल्यानंही वाचली. शिकारी आणि अभ्यासक तेव्हा एकाच बाकावर बसत होते.

त्या बाकावरून उठून कुणीतरी पुढे जायला हवं होतं. १९०८ च्या सुमाराला एका मुंबईकर मुलानं छर्ऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला, म्हणून तो ती घेऊन सोसायटीत विचारायला गेला. सचिव मिलार्ड यांनी त्याला पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कप्पेच्या कप्पे उघडून दाखवले. तो मुलगा म्हणजे सालिम अली. ज्या बंदुकीनं पाखरू मारलं, तिनंच त्यांना पाखरांच्या अभ्यासाकडे नेलं. तबकडीच्या इतिहासातलं आणि सालिम अलींच्या आयुष्यातलं वळण आम्हाला एकाच जातीचं वाटतं. नेम तोच राहिला, पाखरू मात्र वाचलं.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदललं. १९५१ साली नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर. पुढच्याच वर्षी ते पहिल्या लोकसभेचे सभापती झाले. घराणं मूळचं रत्नागिरी जिल्ह्यातल्या मावळंग्याचं, जन्म बडोद्याचा, कर्मभूमी अहमदाबाद. आता गंमत बघा. मावळंकर गांधीजींचे अनुयायी, सत्याग्रहात तुरुंगात गेलेले. अशा माणसानं बंदुकीची संघटना का काढावी? उत्तर खेडा जिल्ह्यात सापडतं. १९१८ साली तिथं सैन्यभरतीचं पत्रक काढताना गांधीजींनी साऱ्या राष्ट्राला निःशस्त्र करणाऱ्या त्या कायद्याचा कडक शब्दांत निषेध केला होता. अहिंसा म्हणजे हातात शस्त्र धरता न येणं नव्हे, हा मुद्दा त्या पिढीला माहीत होता. स्वतंत्र देशाच्या नागरिकानं कायद्याच्या चौकटीत, शिस्तीनं शस्त्र हाताळायला शिकावं, या विचारात विसंगती नाही, असं आम्हाला वाटतं. आजही राष्ट्रीय स्पर्धेच्या आधी 'मावळंकर' खेळावी लागते. शेकडो मुलं ते नाव रोज घेतात, पण ते कुणाचं हे त्यातल्या किती जणांना माहीत असेल?

तबकडीच्या नेमबाजीत भारताचं पहिलं मोठं नाव बिकानेरच्या करणी सिंहांचं. १९६२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळवलं, आणि १९६० ते १९८० या काळात पाच ऑलिंपिक खेळले. राजघराण्यातली माणसं शिकारीच्या बंदुका घेऊन या खेळात आली. त्यानंतर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि छंद म्हणून शिकार हा विषय आपल्या देशात मोडीत निघाला. बंदूकवाल्यापुढे कायदेशीर असं एकच पाखरू उरलं, ते म्हणजे तबकडी. १७ ऑगस्ट २००४ रोजी अथेन्सला राज्यवर्धन सिंह राठोड या लष्करी अधिकाऱ्यानं डबल ट्रॅपमध्ये रौप्यपदक घेतलं. स्वतंत्र भारताला वैयक्तिक रौप्य मिळण्याची ती पहिलीच वेळ. २०२४ च्या पॅरिसला माहेश्वरी चौहान आणि अनंतजीत सिंह नरुका यांचं स्कीटमधलं सांघिक कांस्य एका गुणानं हुकलं.

या नावांत मराठी नाव का नाही? नेमबाजीत आपण काही मागे नाही. अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत. आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचं कांस्यपदक. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राला मिळालेलं हे वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण ही सगळी मंडळी रायफल आणि पिस्तुलाची. आमच्या मते याचं कारण जागेत आहे. दहा मीटरची एअर रायफल रेंज शाळेच्या सभागृहात मावते. शॉटगनचे छर्रे दोनशे-अडीचशे मीटर जाऊन पडतात, त्यासाठी मोकळं रान लागतं. शिवाय परवाना एकविसाव्या वर्षानंतर, बंदूक महाग, आणि प्रत्येक बार म्हणजे एक काडतूस खर्ची. एका फेरीत पंचवीस तबकड्या. मध्यमवर्गीय घराला हा हिशेब झेपत नाही.

आणि आता आपल्या दाराशी येऊ. २०११ च्या जनगणनेत वसई-विरारची लोकसंख्या बारा लाखांवर होती, आज ती त्याहून बरीच जास्त आहे. 'मोकळं रान' म्हणावं असं इथं काय उरलंय? पश्चिमेला खाजण, मिठागरं आणि वाड्या. पूर्वेला तुंगारेश्वरचं अभयारण्य. उद्या कुणी म्हणालं की मिठागराच्या कडेला शॉटगन रेंज काढू, मुलांना खेळ मिळेल, तर आपण काय म्हणायचं? पंचवीस काडतुसांची एक फेरी म्हणजे ६०० ग्रॅम शिसं. दहा जणांनी दिवसात चार फेऱ्या केल्या तर २४ किलो शिसं जमिनीवर. पाणथळीत बदकं दाणे दळायला खडे गिळतात, त्यात छर्रे गिळतात आणि विषबाधेनं मरतात. म्हणून अमेरिकेनं १९९१ साली पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्ऱ्यांवर देशभर बंदी घातली. म्हणजे जी तबकडी पाखरू वाचवायला आली, तीच चुकीच्या जागी उडवली तर पाखराचा जीव घेईल. लिगोव्हस्कीपासूनची सगळी वाटचाल फुकट.

आम्ही या खेळाच्या विरोधात नाही. उलट, हिंसेची जुनी खोड माणसानं खेळात कशी मुरवली, याचं इतकं स्पष्ट उदाहरण दुसरं सापडणार नाही. रेंज व्हावी. ती कोरड्या, ओसाड, पाण्यापासून आणि जंगलापासून लांबच्या जमिनीवर व्हावी, पडलेलं शिसं गोळा करण्याची सोय आधी व्हावी आणि मग पहिला बार निघावा. तोपर्यंत आपल्या शाळांच्या सभागृहांत दहा मीटरची रेंज काढायला कुणाची हरकत आहे? ज्या मुलीला श्वास रोखून नेम धरता येतो, तिला पुढे कुठलंही शस्त्र शिकता येईल.

येत्या हिवाळ्यात भुईगावच्या किनाऱ्यावर किंवा एखाद्या मिठागराच्या बांधावर पहाटे जाऊन उभे राहा. पायाजवळून एखादा पाणलावा फडफडत उठेल आणि वेडावाकडा उडत जाईल. त्याच्यामागे नजर फिरवून पाहा. नेमबाजाची नजर तशीच फिरते. फरक इतकाच की आपल्या हातात काही नसेल, आणि पाखरू पलीकडच्या खाचरात सुखरूप उतरेल.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.