देठ न तोडता

माकडहाडावरची जखम वरून रुपयाएवढी दिसते. घरचे म्हणतात, थोडं सोललंय. डॉक्टर आत चिमटा घालतात तेव्हा तो थेट हाडाला टेकतो. कमरेखालची जाणीव गेलेल्या माणसाचं वजन तासन्‌तास एकाच हाडावर पडत राहतं, मधलं मांस दाबलं जातं आणि त्याचा रक्तपुरवठा तुटतो. मांस कातडीच्या आधी मरतं. म्हणून आत पोकळी मोठी आणि बाहेर तोंड लहान, हे बेडसोरचं लक्षण.

मुंबईच्या उपनगरांत हे नवं नाही. लोकलमधून पडलेले, इमारतीच्या परांचीवरून कोसळलेले जखमी घाटकोपरच्या राजावाडीत, पार्ल्याच्या कूपरमध्ये येतात. जीव वाचतो, पण ज्यांच्या मणक्यातली मज्जारज्जू तुटते, त्यांना पुढे एका खोलीच्या घरात, पाठीवरच पडून राहावं लागतं. त्यातून बेडसोर उद्भवतो.

खोल बेडसोरवर कातडीचा पातळ पापुद्रा लावून भागत नाही. पापुद्र्याला खालून रक्त मिळावं लागतं आणि इथे खाली असतं उघडं हाड. शिवाय बसण्या-झोपण्याचा भार सोसायला जाडी हवी. म्हणून शेजारची निरोगी कातडी चरबीसकट, कधी स्नायूसकट उचलून खड्ड्यावर वळवतात. हा फ्लॅप. त्याला रक्त पुरवणारा देठ तुटू द्यायचा नाही, हा त्यातला पहिला नियम.

हा नियम जुना आहे. गालाच्या कातडीनं नाक करण्याची कृती सुश्रुतसंहितेत आहे. इटलीत टाग्लियाकोझीनं दंडाच्या कातडीचं नाक करण्यावर १५९७ साली ग्रंथ छापला, पण युरोपला त्याचा विसर पडला. तिथे हे शास्त्र नव्यानं जागं झालं ते पुण्याजवळच्या एका विटा घडवणाऱ्या जातीच्या माणसामुळे. कावसजी हा इंग्रज फौजेतला मराठा बैलवाला टिपूच्या कैदेत सापडला आणि त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभरानंतर या वीट घडवणाऱ्यानं त्याला नवं नाक करून दिलं. अशी शस्त्रक्रिया क्रूसो आणि फिंडले या मुंबई इलाख्यातल्या दोन डॉक्टरांनी प्रत्यक्ष पाहिली होती आणि तिची हकिगत ऑक्टोबर १७९४च्या लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली.

ती कृती बारकाईनं पाहण्यासारखी आहे. आधी मेणाच्या पातळ पत्र्याचं नाक थोटक्या नाकावर बसवून पाहायचं. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि भोवती रेघ ओढायची. रेघेच्या आतली कातडी सोडवायची. मात्र दोन भुवयांच्या मधली चिंचोळी पट्टी तशीच ठेवायची, कारण रक्त तिथूनच येतं. जुन्या नाकाची कड सोलून ताजी करायची, कातडी अर्धी पिळून खाली आणायची आणि खाचेत बसवायची. टाक्यांऐवजी पाण्यात मऊ केलेला कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेलं कापड. देठ कापायचा तो सुमारे पंचविसाव्या दिवशी, नवं नाक खालून रक्त घेऊ लागल्यावर. अशी वाट पाहणं, हेच त्या कारागिराचं खरं ज्ञान.

त्या लेखात रुग्णाचं नाव आहे, साक्षीदारांची नावं आहेत, कारागिराचं मात्र नाही. सुश्रुताचा पुतळा उभारणाऱ्या आपल्या समाजानं या माणसाचीही आठवण ठेवायला हवी. ग्रंथातली विद्या वेगळी आणि हातातली जिवंत विद्या वेगळी. इंग्रज डॉक्टरांनी पाहिली ती दुसरी.

हकिगत वाचून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ साली लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये पुस्तक लिहिलं. पुढे पहिल्या महायुद्धात हॅरॉल्ड गिलीज यांनी सैनिकांचे फाटलेले चेहरे याच तत्त्वावर दुरुस्त केले. त्यांच्या हाताखाली शिकलेले डॉ. नोशीर अंतिया ही विद्या घेऊन भारतात परत आले. पुण्यात त्यांनी कुष्ठरुग्णांवर काम केलं आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला. कुष्ठरोग्याच्या तळपायाला पडणारी जखम आणि बेडसोर यांचं मूळ एकच आहे: बधिर कातडीला दाब कळत नाही.

नाकाचा फ्लॅप पाठीवर यायला मात्र फार उशीर झाला. एकोणिसाव्या शतकात शार्कोसारखा नामवंत डॉक्टरही बेडसोरला मज्जातंतूंच्या बिघाडाचा अटळ परिणाम मानत होता, मग शस्त्रक्रिया कोण करणार? १९३८ साली जॉन स्टेग डेव्हिस यांनी बेडसोरच्या पातळ वणाजागी जाड फ्लॅप बसवण्याचा मार्ग मांडला. दुसऱ्या महायुद्धात पेनिसिलिन आलं आणि अशा शस्त्रक्रिया टिकू लागल्या. १९७७ मध्ये नितंबाचा मोठा स्नायू कातडीसकट वळवण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. १९९३ मध्ये जपानच्या कोशिमांनी स्नायू जागीच ठेवून, त्यातून वर येणाऱ्या बारीक रक्तवाहिनीवरच फ्लॅप जगवून दाखवला.

शस्त्रक्रियेनंतर पहिले दिवस डॉक्टर-नर्स फ्लॅपवर बोट दाबून पाहतात. रंग फिका होऊन लगेच परतला तर ठीक. निळसर, फुगलेला दिसला तर रक्त आत येतं पण बाहेर जात नाही. पांढरा, गार पडला तर येतच नाही. पुढचे काही आठवडे त्या बाजूवर भार नाही.

इतकं करूनही फ्लॅप बधिर माणसाला संवेदना परत देत नाही, म्हणून त्याच जागी पुन्हा जखम होऊ शकते. लुडविग गटमन यांनी १९४४ पासून इंग्लंडच्या स्टोक मँडव्हिलमध्ये दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलण्याचा दंडक घातला. तो आजही लागू आहे. घरात कोणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर रात्रीचीही पाळी लावून घ्या. माकडहाड, खुबे आणि टाचा रोज पाहा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तेव्हा हात लावून ती जागा गरम किंवा कडक लागते का तपासा. तशी लागली तर चोळू नका. त्या जागेवरचा भार लगेच काढा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.