किलोची वंशावळ

१९०१ साली पॅरिसमध्ये वजनमापांची तिसरी सर्वसाधारण परिषद भरली आणि तिला एक साधी वाटणारी गोष्ट ठराव करून जाहीर करावी लागली: किलोग्रॅम हे वस्तुमानाचे एकक आहे, वजन ही बलाच्या जातीची, निराळी राशी आहे. आज हीच गोष्ट शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत येते, परीक्षेत तिच्यावर हमखास प्रश्न असतो आणि तो चुकला की मुलाला बोलणी बसतात. पण त्या ठरावाच्या वेळी किलोग्रॅम शंभर वर्षांचा झालेला होता. तो घडवणाऱ्यांनी, जपणाऱ्यांनी, त्यावर राज्यांचे व्यवहार चालवणाऱ्यांनी ‘वजन’ हा शब्द दोन्ही अर्थांनी सर्रास वापरला होता. मुलाच्या मनातला गोंधळ या मापाच्या घराण्यातूनच आलेला आहे. म्हणून किलोची वंशावळ उलगडून पाहिली, तर गुरुत्व, वजन आणि प्लावक बल हे तिन्ही धडे तिच्यात क्रमाने भेटतात.

पूर्वज फार जुने आहेत. सिंधू संस्कृतीच्या नगरांत चर्ट नावाच्या कठीण दगडाचे घासून गुळगुळीत केलेले चौकोनी ठोकळे सापडले; त्यांतले एक मुख्य माप साडेतेरा ग्रॅमच्या थोडे वर आहे आणि लहान मापे दुप्पट-दुप्पट करत जातात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मापे कशाची करावीत याचा नियम आहे: लोखंडाची, मगध आणि मेकल भागातल्या दगडाची, नाहीतर पाण्याने वा लेपाने वाढणार नाहीत आणि उष्णतेने घटणार नाहीत अशा पदार्थाची. हा नियम मला फार मोलाचा वाटतो. माप कधी बदलता कामा नये, ही काळजी तिथे स्पष्ट लिहिलेली आहे आणि पुढची दोन हजार वर्षे सगळे याच काळजीत होते. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे बाराव्या शतकात, कोष्टक यवापासून सुरू होते: दोन यवांची गुंज, तीन गुंजांचा वाल, आठ वालांचे धरण. गुंज म्हणजे ती लाल-काळी बी. आपल्याकडचा सोनार तोळा मोजत आला तो ९६ गुंजांचा.

याच भास्कराचार्यांनी गोलाध्यायात पृथ्वीला आकर्षणशक्ती आहे, ती जड वस्तूंना स्वतःकडे ओढते आणि म्हणून त्या पडताना दिसतात, असे म्हटले आहे. हा विचार थोर आहे. मात्र ती ओढ किती, ती कुठे कमी-जास्त होते, याचे मोजमाप ही वेगळी पायरी आहे आणि ती चढायला आणखी पाचशे वर्षे लागली. दोन्हींची सरमिसळ केली तर भास्कराचार्यांचा मान वाढत नाही, उलट त्यांनी खरोखर काय सांगितले तेच झाकले जाते.

मोजमापाला इतका उशीर लागण्याचे एक कारण खुद्द तराजूत आहे. दांडीच्या तराजूत एका पारड्यात माल आणि दुसऱ्यात माप असते. पृथ्वी दोन्ही पारडी ओढते. ओढ वाढली तर दोन्हीकडे सारखीच वाढते, घटली तर दोन्हीकडे सारखीच घटते आणि काटा मधोमधच राहतो. हा तराजू चंद्रावर नेला, जिथे ओढ आपल्या सहाव्या हिश्शाइतकी आहे, तरी एक किलो तांदूळ एक किलोच भरतील. दांडीचा तराजू मोजतो ते वस्तुमान. स्प्रिंगचा ताणकाटा मोजतो ती ओढ, म्हणजे वजन. तोच काटा चंद्रावर त्याच तांदळाला साधारण १६५ ग्रॅम म्हणेल. हजारो वर्षे माणसाच्या हातात दांडीचाच तराजू होता आणि त्याने गुरुत्व जागोजागी बदलते हे कुणाला कळूच दिले नाही.

कळले ते घड्याळामुळे. १६७२ मध्ये झाँ रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेत विषुववृत्ताजवळच्या कायेन इथे होता. पॅरिसमध्ये नेमके चालणारे त्याचे लंबकाचे घड्याळ तिथे रोज सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. सेकंद बरोबर पडावा म्हणून त्याला लंबक जवळपास तीन मिलिमीटरनी आखूड करावा लागला. लंबकाला खाली ओढणारे बल तिथे कमी होते. पृथ्वी फिरते आणि विषुववृत्तापाशी फुगीर आहे, ही दोन कारणे न्यूटनने १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त दिली. ध्रुवावर गुरुत्वीय त्वरण ९.८३ मीटर प्रति सेकंद वर्ग याच्या आसपास, विषुववृत्तावर ९.७८, फरक अर्ध्या टक्क्याचा.

न्यूटनने आणखी एक काम केले आणि शाळेत ते क्वचितच सांगितले जाते. पदार्थ कोणताही असो, त्याचे वजन त्याच्या वस्तुमानाच्याच प्रमाणात असते का? त्याने दोन सारख्या लाकडी पेट्या अकरा फुटी दोऱ्यांना टांगल्या आणि त्यांत सारख्या वजनाचे वेगवेगळे पदार्थ भरून झोके मोजले: सोने, चांदी, शिसे, काच, वाळू, मीठ, लाकूड, पाणी आणि गहू. एका पेटीत लाकूड, दुसरीत सोने, आणि दोन्ही पेट्या कितीतरी वेळ जोडीने झुलत राहतात. पृथ्वी भेदभाव करत नाही, हे हजारात एकाइतक्या अचूकतेने तिथे दिसले. वस्तुमान आणि वजन वेगळे असूनही एका जागी त्यांचे गुणोत्तर पक्के असते. त्यामुळेच बाजारात एकाच्या जागी दुसरे बोलले तरी व्यवहार अडत नाही.

आता किलोचा जन्म. राज्यक्रांतीच्या काळातल्या फ्रान्सला राजाच्या हाताशी किंवा गावच्या शेराशी न बांधलेले माप हवे होते. १७९५ च्या कायद्याने ग्रॅम ठरला तो बर्फ वितळण्याच्या तापमानाला एक घन सेंटीमीटर शुद्ध पाण्याचे वजन म्हणून. या कामाची सुरुवात लाव्हाझिए आणि अयुई या शास्त्रज्ञांनी केली होती. लाव्हाझिएला मे १७९४ मध्ये क्रांतीने गिलोटिनवर चढवले. काम पुढे लफेव्र-जिनो आणि फाब्रोनी यांच्याकडे गेले.

प्रश्न असा होता की एक लिटर पाणी नेमके मोजायचे कसे? भांड्यात ओतावे तर त्याची आतली बाजू अचूक मोजता येत नाही, काठापाशी पाणी वर चढते, भिंतीला थेंब राहतात. म्हणून त्यांनी उलटा मार्ग धरला. पितळेचा एक पोकळ, बंद दंडगोल बनवला, अकरा लिटरहून थोडा मोठा. बाहेरून त्याची उंची आणि व्यास पुन्हा पुन्हा मोजले आणि घनफळ काढले. मग तो हवेत तोलला आणि पाण्यात बुडवून तोलला. पाणी त्याला वर उचलते, हेच प्लावक बल; म्हणून पाण्यात तो हलका भरतो आणि हलकेपणा नेमका त्याने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतका असतो. आर्किमिडीजचा हा नियम आपल्याला मुकुट, न्हाणीघर आणि ‘युरेका’च्या गोष्टीतून पाठ असतो. पण आपल्या वाण्याच्या दुकानातले किलोचे माप त्या नियमातून जन्मले, हे मुलांना सांगितले तर मुकुटाची गरजच उरणार नाही.

काम करताना त्यांनी कायद्यातली एक अट बदलली. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत घन असते आणि त्या तापमानाभोवती थोडे इकडेतिकडे झाले तरी घनता फारशी हलत नाही. म्हणून मोजमाप तिथले धरले. १७९९ मध्ये त्या उत्तराबरहुकूम प्लॅटिनमचा दंडगोल घडवून अभिलेखागारात ठेवला. पुढे कळले की लिटरभर पाणी आणि तो दंडगोल यांत दशलक्षात सुमारे २८ भागांची तफावत राहिली आहे. ती साधने, तो काळ आणि ती धामधूम पाहता मी या आकड्यापुढे मान झुकवतो.

त्या मोजणीत त्यांनी हवेचाही हिशेब धरला होता. पाण्यासारखी हवाही वस्तूला वर उचलते. एक लिटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ ग्रॅम, म्हणजे एक लिटर जागा व्यापणारी कोणतीही वस्तू हवेत तेवढी हलकी भरते. ‘एक किलो लोखंड जड की एक किलो कापूस?’ या कोड्याचे उत्तर आपण ‘दोन्ही सारखे’ असे देतो आणि वस्तुमानाच्या अर्थाने ते बरोबर आहे. पण तराजूत लोखंडाच्या मापाने कापूस तोलून काटा मधोमध आणला असेल, तर कापसाचे तंतू जास्त जागा व्यापत असल्याने हवा त्यांना जास्त उचलून धरते. काटा सारखा दिसतो तेव्हा कापसाचे वस्तुमान किलोमागे अर्ध्या ग्रॅमहून अधिक भरते. काचेच्या घुमटाखालची हवा काढून टाकली, तर कापसाचे पारडे खाली जाईल.

१८७५ मध्ये सतरा देशांनी मीटरचा करार केला आणि १८८९ मध्ये नवा आंतरराष्ट्रीय किलोग्रॅम मान्य झाला: ९० टक्के प्लॅटिनम, १० टक्के इरिडियम, उंची आणि व्यास दोन्ही ३९ मिलिमीटर, मुठीत मावेल एवढा. पॅरिसजवळ सेव्हर इथे तो तीन काचेच्या घुमटांखाली, तीन वेगळ्या माणसांकडच्या तीन किल्ल्यांच्या तिजोरीत राहिला. त्याच्याशी पोलादी किलो ताडून पाहताना हवेचा तोच हिशेब पुन्हा येतो. पोलाद अधिक जागा व्यापते, म्हणून सुमारे ९४ मिलिग्रॅमची दुरुस्ती करावी लागते. ती विसरलात तर सगळी अचूकता पाण्यात.

या घराण्याचे कायमचे दुखणे असे की माप ही वस्तू होती. वस्तूला न्यावे-आणावे लागते. १७९४ मध्ये जोझेफ दोंबे हा फ्रेंच शास्त्रज्ञ तांब्याचे नवे माप घेऊन अमेरिकेला निघाला. वादळाने जहाज कॅरिबियनकडे लोटले, लुटारूंनी त्याला धरले आणि तो माँटसेराट बेटावर कैदेत मेला. आणि वस्तू बदलते. १९८८ ते १९९२ मध्ये सेव्हरचा किलो आणि त्याच्या जुन्या प्रती पुन्हा ताडून पाहिल्या, तेव्हा शंभर वर्षांत त्यांच्यात सरासरी ५० मायक्रोग्रॅमइतके अंतर पडलेले दिसले. प्रती वाढल्या की मूळ घटला, हे विचारण्यात अर्थ नव्हता. व्याख्येनेच मूळ म्हणजे एक किलो. कौटिल्याने ज्याला भिऊन नियम केला, तेच अखेर घडले होते.

भारतात ही वंशावळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या ५७ क्रमांकाच्या प्रतीने आली. १९५६ च्या कायद्यानंतर ऑक्टोबर १९५८ पासून बाजारात किलो येऊ लागला आणि १९६२ पर्यंत शेर-मण कायद्याने मागे पडले. ८० तोळ्यांचा शेर ९३३ ग्रॅमचा, पण कच्चा शेर, पक्का शेर, या गावचा, त्या गावचा असे कितीतरी शेर नांदत होते. गरीब गिऱ्हाइकाच्या बाजूने विचार केला तर किलोचे येणे ही स्वतंत्र भारताने केलेली एक मोठी न्यायाची गोष्ट होती, असे मी मानतो.

वस्तूपासून सुटका ब्रायन किबल यांच्या कल्पनेने झाली. १९७५ मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत त्यांनी असा तराजू सुचवला की एका बाजूला वस्तू आणि दुसऱ्या बाजूला चुंबकीय क्षेत्रातले तारेचे वेटोळे. विजेचे बल वस्तूच्या वजनाला तोलून धरते. मग तेच वेटोळे ठरावीक वेगाने हलवून त्यात निर्माण होणारा विद्युतदाब मोजायचा. या दोन मोजणींतून वस्तुमानाचा संबंध थेट प्लांकच्या स्थिरांकाशी, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या राशीशी, जुळतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये व्हर्सायला भरलेल्या वजनमापांच्या सर्वसाधारण परिषदेने या स्थिरांकाचा आकडा कायमचा पक्का केला आणि २० मे २०१९ पासून किलोची व्याख्या त्यावर उभी राहिली. सेव्हरचा दंडगोल तिजोरीतच आहे. फक्त आता त्याचेही वस्तुमान मोजावे लागते.

मात्र किबलचा तराजू ओढीला तोलतो, म्हणून तो जिथे उभा असेल त्या जागचे गुरुत्वीय त्वरण आधी माहीत असावे लागते. त्यासाठी निर्वात नळीत आरसा खाली सोडतात आणि त्याचे पडणे लेसरने मोजतात. रिशेच्या लंबकाने उघड केलेली गोष्ट अशी किलोच्या नव्या मोजणीत पुन्हा आली.

ती आपल्या दुकानातही आली आहे. दांडीचा तराजू जाऊन इलेक्ट्रॉनिक काटा आला, आणि बहुतेक इलेक्ट्रॉनिक काटे मुळात ओढच मोजतात. आत दाबाने वाकणारी धातूची पट्टी असते. दिल्लीत गुरुत्वीय त्वरण ९.७९१ च्या, मुंबईत ९.७८६ च्या जवळपास. दिल्लीत जुळवलेला काटा मुंबईत तसाच वापरला, तर किलोमागे सुमारे अर्धा ग्रॅम कमी दाखवेल. भाजीला हे चालेल, सोन्याला चालणार नाही. म्हणून काटा जिथे वापरायचा तिथेच प्रमाणित मापाने जुळवून घ्यावा लागतो, आणि अनेक अचूक काट्यांच्या पोटात तर कारखान्यातूनच एक छोटे माप बसवून दिलेले असते. काटा अधूनमधून ते स्वतःच उचलून तोलतो आणि त्या जागची ओढ ओळखून घेतो.