एटीकेटी

विद्यापीठाच्या परीक्षेत ठरावीक मर्यादेपर्यंत विषय राहिलेल्या विद्यार्थ्याला पुढच्या वर्गात बसू देणारी सवलत. ‘अलाउड टु कीप टर्म्स’ या शब्दांवरून हे नाव पडले. बोलण्यात ‘केटी लागली’, ‘केटी सुटली’. किती विषयांपर्यंत सवलत मिळते, हे विद्यापीठागणिक आणि शाखेगणिक वेगळे.

मानसिक परिणाम : वर्ष वाचावे हा सवलतीचा हेतू. प्रत्यक्षात जुने आणि नवे विषय एकाच सत्रात अंगावर येतात. अभियांत्रिकीचा दुसऱ्या वर्षातला मुलगा दिवसा प्रॅक्टिकल करतो, जर्नलवर सही मिळावी म्हणून खेटे घालतो आणि रात्री पहिल्या वर्षाचे गणित पुन्हा उघडतो. पहिले वर्ष पूर्ण सुटल्याशिवाय तिसऱ्याला प्रवेश नाही, असा नियम बऱ्याच ठिकाणी आहे. तो अडला की ‘वायडी’, म्हणजे वर्ष गेले; बरोबरची मुले पुढे जातात. घरी अनेकदा सांगितलेलेच नसते. झोप उडणे, जेवण टाळणे, वर्गाला न जाणे, घरचा फोन न उचलणे या खुणा आळस म्हणून उडवून लावल्या जातात. ते घातक आहे.

निकालातील विलंब : मुंबई विद्यापीठाने 2017 च्या उन्हाळी परीक्षेच्या सुमारे 17 लाख उत्तरपत्रिका संगणकावर तपासायला घेतल्या. राज्यपालांनी दिलेली 31 जुलैची मुदत टळली, सप्टेंबरातही काही निकाल बाकी होते. पुढच्या प्रवेशाच्या तारखा हातातून गेल्या. आपण पास की नापास हेच न कळता काढलेले ते महिने कोणत्याही गुणपत्रिकेवर नोंदलेले नाहीत. ऑक्टोबरमध्ये कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आले.

आत्महत्या : राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांनी (शाळकरी धरून) जीवन संपवले; महाराष्ट्रात 1,764, राज्यांत सर्वाधिक. अशा मृत्यूमागे सहसा अनेक कारणे गुंतलेली असतात. एकट्या परीक्षेवर बोट ठेवता येत नाही.

पुनर्मूल्यांकन : पाहा ‘परीक्षापद्धती’.

उपाय : सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी दिलेल्या निर्देशांनुसार 100 वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा आणि अभ्यासातील कामगिरीवरून विद्यार्थ्याची चारचौघांत मानहानी होता कामा नये. नापासांची नावे सूचनाफलकावर लावणे ही मानहानीच होय. महाविद्यालयांनी ती प्रथा थांबवावी. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतूनही मिळते.