रॉक संगीत आणि मराठी साहित्य

विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत उदयास आलेले, विद्युत गिटार, बास गिटार आणि ड्रम या वाद्यांच्या मेळावर अधिष्ठित असलेले, आणि दोन दशकांच्या आत जगातील बहुतेक महानगरांतील तरुणांचे हक्काचे गायन होऊन बसलेले संगीत म्हणजे रॉक संगीत होय. साहित्याशी त्याचा संबंध दुहेरी आहे : कवितेपासून व कादंबरीपासून त्याने उदंड घेतले, आणि पुढे कवितेला, नाटकाला व कादंबरीला त्याने आपल्या परीने परतही दिले. मराठीत हा व्यवहार मुख्यतः तीन वाटांनी झाला. पहिली वाट काही कवींच्या व्यक्तिगत आस्थेची, दुसरी रंगभूमीची आणि तिसरी, अलीकडची, संतवाङ्मयाच्या नव्या गायनाची. यांपैकी रंगभूमीच्या वाटेवर वऱ्हाडचा वाटा विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. कारण त्या प्रकरणातील दोन प्रमुख नावे, अचलपूरला लागून असलेल्या परतवाड्यात जन्मलेले लेखक अरुण साधू आणि अकोल्यात जन्मलेले संगीतकार आनंद मोडक, याच मुलखातील आहेत.

स्वरूप व आकर्षण : रॉकचा उगम कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या ब्लूज गायनात आणि गोऱ्या ग्रामीण जनतेच्या कंट्री गायनात आहे. १९५४ साली एल्व्हिस प्रेस्लीने मेंफिस येथे केलेली ध्वनिमुद्रणे आणि १९५५ साली प्रसृत झालेले चक बेरीचे ‘मेबलीन’ हे त्याच्या आरंभकाळातील ठळक टप्पे मानले जातात. त्याच्या ठेक्याचे मर्म साधे आहे. चार मात्रांच्या आवर्तनात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ड्रमचा ठसठशीत आघात पडतो. आपल्या तालात समेला जो मान असतो, तो भार येथे बुद्ध्या पुढे सरकवलेला असतो, आणि त्या सरकण्यामुळेच ऐकणाऱ्याचे अंग त्याच्या संमतीची वाट न पाहता डोलू लागते. गिटारचा स्वर ध्वनिवर्धकाच्या शक्तीपलीकडे ताणला म्हणजे तो फाटतो, खरखरीत होतो. अभिजात संगीतात जो दोष गणला गेला असता, तोच येथे भावनेच्या तीव्रतेचे प्रमुख साधन झाला आहे.

ब्लूजचा प्रचलित बंध बारा भागांचा असून त्यात पहिली ओळ म्हटली जाते, तीच पुन्हा म्हटली जाते आणि तिसरी ओळ त्या दोहोंना उत्तर देते. ज्याने मोठ्या अभंगाची सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांची चाल ऐकली आहे, पालुपद परतून आले की टाळकऱ्यांचा सारा मेळा त्यात कसा शिरतो हे पाहिले आहे, त्याला या पुनरावृत्तीचे प्रयोजन वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ओळ दुसऱ्यांदा येते तेव्हा ती एकट्या गायकाची उरत नाही, जमलेल्या सर्वांची होते.

रॉकच्या आकर्षणाची मीमांसा करताना पुष्कळ टीकाकारांनी त्याचा गोंगाट, त्याची वेशभूषा आणि वडीलधाऱ्यांविरुद्धचे त्याचे बंड यांवरच भर दिला आहे. या गोष्टी खऱ्या असल्या तरी त्या दुय्यम आहेत. गळ्याची तयारी नसलेल्या, घोगऱ्या, प्रसंगी बेसूर वाटणाऱ्या आवाजाने ‘मी’ म्हणून हजारोंच्या समोर उभे राहावे आणि स्वतःची वासना, भीती, संताप व एकाकीपणा रोजच्या बोलीत जाहीर करावा, अशी मुभा या संगीताने दिली. सामान्य माणसाच्या उच्चाराला त्याने सनद दिली. साहित्याशी त्याचे नाते जडले ते या ठिकाणी.

पाश्चात्त्य साहित्याशी संबंध : ‘द डोअर्स’ या वाद्यवृंदाचे नाव ऑल्डस हक्स्ली यांच्या १९५४ सालच्या ‘द डोअर्स ऑफ पर्सेप्शन’ या पुस्तकावरून आले आणि हक्स्ली यांना ते विल्यम ब्लेकच्या लेखनात सापडले होते. ‘रोलिंग स्टोन्स’ यांच्या १९६८ मधील ‘सिंपथी फॉर द डेव्हिल’ या गीतावर मिखाईल बुल्गाकॉव्हच्या ‘द मास्टर अँड मार्गारिटा’ या कादंबरीचा प्रभाव होता. ‘पिंक फ्लॉइड’च्या १९७७ मधील ‘अ‍ॅनिमल्स’ या गीतसंचाची कल्पना ऑर्वेलच्या ‘अ‍ॅनिमल फार्म’शी नाते सांगते, तर केट बुशने १९७८ साली एमिली ब्राँटेच्या ‘वदरिंग हाइट्स’ या कादंबरीवरील त्याच नावाचे गीत प्रसृत केले. लेनर्ड कोहेन हा तर आधी कवी व कादंबरीकार म्हणून मान्यता पावलेला आणि मग गायनाकडे वळलेला ग्रंथकार होय. उत्तरायुष्यात तो मुंबईस रमेश बाळसेकर यांच्या सत्संगास येत असे. मुंबईच्या खेतवाडीत निसर्गदत्त महाराज मराठीत जी प्रवचने करीत, त्यांचा इंग्रजी अनुवाद श्रोत्यांना ऐकवण्याचे काम याच बाळसेकरांनी पूर्वी केले होते.

तथापि या संबंधाचे सर्वांत मोठे उदाहरण बॉब डिलन हेच आहे. लोकगीतांचा गायक म्हणून ख्याती मिळवल्यावर जुलै १९६५ मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात त्याने विद्युत गिटार हाती घेतली, तेव्हा श्रोत्यांपैकी अनेकांनी उघड नाराजी दर्शवली. परंतु प्रतिमांनी ओथंबलेले दीर्घ काव्य रॉकच्या ठेक्यावर पेलता येते हे त्याने सिद्ध केले. २०१६ साली त्याला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्या वेळी गीतकाराला हा मान द्यावा काय, असा वाद सर्वत्र माजला. भारतीय वाचकाला मात्र त्यात आश्चर्य वाटण्याचे कारण नव्हते, कारण १९१३ साली हेच पारितोषिक मिळवणारे रवींद्रनाथ ठाकूर स्वतः दोन हजारांवर गीतांचे कर्ते होते. आणि मराठी वाचकाला तर ते त्याहूनही कमी होते, कारण त्याच्या भाषेतील थोर काव्याचा मोठा भाग टाळमृदंगाच्या साथीनेच टिकून राहिला आहे.

मराठी कविता : १९५० नंतरच्या मुंबईत लघुअनियतकालिकांच्या आश्रयाने जी नवी कविता वाढली, तिच्या कवींचे कान पाश्चात्त्य संगीताला उघडे होते. १९६२ मध्ये अ‍ॅलन गिन्सबर्ग हा अमेरिकन कवी भारतात आला आणि मुंबईतील तरुण कवींशी त्याची गाठ पडली. हाच गिन्सबर्ग पुढे डिलनचा स्नेही व काही दौऱ्यांतील सहप्रवासी म्हणून प्रसिद्ध झाला. १९५४ साली निघालेल्या ‘शब्द’ या अनियतकालिकाचे अरुण कोलटकर व दिलीप चित्रे हे दोघेही, मराठी व इंग्रजी या दोन भाषांत सारख्याच अधिकाराने लिहिणारे, या पिढीचे अग्रणी होत.

कोलटकर (मृत्यू २००४) यांचे उदाहरण रॉकच्या दृष्टीने अत्यंत बोधप्रद आहे. ब्लूज व डिलन यांचे ते जाणते श्रोते होते. १९७० नंतरच्या काही वर्षांत त्यांनी इंग्रजीत गीते रचली, त्यांना चाली लावल्या आणि काहींचे ध्वनिमुद्रणही केले. त्या गीतांचे शब्द त्यांच्या निधनानंतर अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांनी संपादित केलेल्या ‘द बोटराइड अँड अदर पोएम्स’ या २००९ सालच्या संग्रहात समाविष्ट झाले. गायक म्हणून कीर्ती मिळवण्याचा तो उद्योग पुढे गेला नाही. परंतु त्याच कवीने अर्जुन शेजवळ यांच्याकडे पखवाजाची तालीम घेतली आणि भजनी मंडळींच्या सहवासात वर्षे काढली, ही गोष्ट त्याच्या शेजारी ठेवून वाचली पाहिजे. ब्लूज आणि भजन ही त्यांच्या लेखी परस्परविरोधी दोन जगे नव्हती. लोकांच्या बोलीला ठेक्यावर उभे करण्याच्या त्या दोन रीती होत्या. १९७६ चे ‘जेजुरी’, १९७७ मध्ये अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने काढलेल्या ‘अरुण कोलटकरच्या कविता’ आणि पुढील ‘चिरीमिरी’ यांतील आखूड, उडत्या, बोलीत मुरलेल्या ओळींची लय कानाने पारखली म्हणजे या दुहेरी शिक्षणाचा प्रत्यय येतो.

मराठी रंगभूमी : रॉक संगीत मराठी प्रेक्षकांपुढे वाङ्मयीन कृतीचे अंग म्हणून आले ते पु. ल. देशपांडे यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’ या १९७८ सालच्या नाटकातून. जॉन गे याचे १७२८ मधील ‘बेगर्स ऑपेरा’, त्यावरून बर्टोल्ट ब्रेख्तने कुर्ट वाइलच्या संगीतासह १९२८ मध्ये उभे केलेले ‘थ्री पेनी ऑपेरा’ आणि त्याचे पुलंनी केलेले हे मराठी रूपांतर, अशी अडीचशे वर्षांची ही वंशावळ आहे. पुण्याच्या थिएटर अकॅडमीच्या या प्रयोगाचे दिग्दर्शन जब्बार पटेल यांनी केले, तर भास्कर चंदावरकर, आनंद मोडक व नंदू भेंडे हे त्याच्या संगीताशी निगडित होते.

नंदू भेंडे (मृत्यू २०१४) हे नाट्यकर्मी आत्माराम भेंडे यांचे पुत्र. मुंबईच्या रॉक वाद्यवृंदांतून गाणाऱ्या या तरुणाने १९७४ साली अ‍ॅलेक पदमसी यांनी सादर केलेल्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ या रॉक संगीतिकेत जूडासची भूमिका केली होती. ‘तीन पैशाचा तमाशा’मध्ये ते अंकुश या गुन्हेगार नायकाच्या भूमिकेत उभे राहिले. लावणी, नाट्यपद आणि भजन यांच्या परंपरेत वाढलेल्या प्रेक्षकांपुढे याच नाटकात पाश्चात्त्य धर्तीचे मराठी गाणे गायिले गेले, आणि ते उपरे वाटले नाही; कारण ज्या पात्राच्या तोंडी ते होते, ते पात्रच प्रतिष्ठितांच्या नीतिनियमांबाहेर उभे होते. पात्राची सामाजिक जागा त्याच्या गायनशैलीने दाखवणे ही खास ब्रेख्तची युक्ती. रॉकच्या योगाने तिला मराठीत एक नवे साधन मिळाले.

मोडक (१९५१–२०१४) यांनी यापूर्वी सतीश आळेकर यांच्या ‘महानिर्वाण’ या नाटकात कीर्तनाच्या अंगाने संगीत दिले होते. एकाच संगीतकाराने कीर्तन आणि पाश्चात्त्य ठेका या दोहोंशी सारख्याच आत्मीयतेने वागावे, यातच त्या काळच्या प्रायोगिक रंगभूमीचे मोठेपण आहे. थिएटर अकॅडमीने पुढे अरुण साधू यांचे ‘पडघम’ हे विद्यार्थ्यांच्या राजकारणावरील संगीतप्रधान नाटक जब्बार पटेल यांच्याच दिग्दर्शनाखाली सादर केले व त्याचे संगीतही मोडक यांचेच होते. साधू (१९४१–२०१७) हे ‘मुंबई दिनांक’ (१९७२) व ‘सिंहासन’ (१९७७) या कादंबऱ्यांचे लेखक म्हणून सर्वपरिचित आहेत; परंतु मंत्रालयातील सत्तेचा हिशेब मांडणाऱ्या या लेखकाला तरुणांचा क्षोभ सांगण्यासाठी गाण्याचा आधार घ्यावासा वाटला, ही बाब त्यांच्या वाङ्मयाच्या अभ्यासकांनी अधिक गांभीर्याने पाहण्याजोगी आहे.

वऱ्हाडची पार्श्वभूमी : अचलपूर हे इमादशाहीच्या काळापासून वऱ्हाडच्या कारभाराचे जुने ठाणे आणि परतवाडा ही त्याच्या लगतची इंग्रजी अमदानीतील छावणी. या परिसरात रॉकचे वाद्यवृंद निपजले नाहीत. परंतु शब्द आणि ठेका यांच्या युतीची परंपरा येथे फार जुनी आहे. अमरावती जिल्ह्यातीलच रिद्धपूर येथे तेराव्या शतकात महदंबेने गोविंदप्रभूंच्या विवाहप्रसंगी धवळे रचले व गायिले. मराठीतील आद्य कवयित्रीचे काव्य हे असे मुळातच गेय आहे. याच जिल्ह्यातील यावली येथे जन्मलेले तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) यांनी खंजिरीवर भजने गाऊन गावेच्या गावे जागी केली. चामडे मढवलेल्या लहानशा कड्यावर बोटांचा आघात, कडेच्या चकत्यांचा झणत्कार आणि त्यावर स्वच्छ, खणखणीत शब्द, एवढ्याच सामग्रीवर हजारोंचा समुदाय एका सुरात येत असे. आणि त्या गायनाचा परिणाम सरकारला इतका जाणवला की १९४२ च्या आंदोलनात महाराजांना कारावास घडला.

अमरावतीचे सुरेश भट (१९३२–२००३) यांनी मराठी गझल छापील पानावरून उठवून जाहीर मैफलीत नेली. साधूंच्या कादंबऱ्यांवर आधारलेल्या, जब्बार पटेल दिग्दर्शित ‘सिंहासन’ या चित्रपटात भटांचे गीत हृदयनाथ मंगेशकरांच्या संगीतात आले, आणि परतवाड्याचा कादंबरीकार व अमरावतीचा कवी असे त्या एका कृतीत एकत्र आले. खंजिरी, गझल आणि रॉक यांची घडण निरनिराळी आहे व त्यांची सरमिसळ करण्याचे कारण नाही. परंतु अन्याय झाला असता तो गाऊन जाहीर करावा, हा रिवाज ज्या मुलखाच्या अंगवळणी पडला होता, तेथील लेखक-संगीतकारांना रॉकमधील निषेधाचा सूर ओळखीचा वाटला असल्यास नवल नाही.

अलीकडील प्रवाह : १९८६ पासून मुंबईत भरू लागलेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव आणि धोबी तलावाजवळचे रंगभवन यांनी रॉकला मोठा श्रोतृवर्ग मिळवून दिला, तरी तेथील भाषा बहुशः इंग्रजीच राहिली. सलमान रश्दी यांची ‘द ग्राउंड बिनीथ हर फीट’ (१९९९) ही मुंबईत आरंभ पावणारी रॉकविषयक कादंबरीही इंग्रजीतच अवतरली. मराठीपुरते पाहता गेल्या दशकात ‘अभंग रीपोस्ट’ यासारख्या मुंबईच्या वाद्यवृंदांनी तुकाराम-नामदेवादी संतांचे अभंग विद्युत गिटार व ड्रम यांच्या साथीने गाण्याचा उपक्रम केला, आणि ज्या तरुणांनी गाथा हाती धरली नव्हती त्यांच्या ओठांवर तिचे शब्द आणले.

मूल्यमापन : मराठीत रॉक संगीताची स्वतंत्र, अखंड परंपरा निर्माण झाली नाही, हे मान्य केले पाहिजे. चित्रपटसंगीताचे वर्चस्व आणि महानगराबाहेर वाद्ये, ध्वनिवर्धक व तालमीच्या जागा यांची वानवा ही त्याची ठळक कारणे होत. तथापि साहित्यावर त्याने टाकलेला प्रभाव वाद्यवृंदांच्या संख्येवरून मोजणे योग्य नव्हे. कोलटकरांच्या ओळीत, ‘तीन पैशाचा तमाशा’च्या रंगमंचावर आणि गिटारवर उभ्या राहिलेल्या अभंगात मराठी लेखक-कलावंतांनी रॉकपासून घेतले ते सामान्य बोलीला जाहीरपणे, पूर्ण आवाजात आणि ठेक्यावर उच्चारण्याचे धैर्य. हे धैर्य महदंबेपासून तुकडोजींपर्यंत या भाषेजवळ होतेच. आधुनिक शहरी जीवनाच्या संदर्भात त्याची ओळख पुन्हा पटवून देण्याचे श्रेय रॉक संगीताला दिले पाहिजे. ज्या लेखकाला आपले शब्द वाचकाच्या डोळ्यांबरोबर त्याच्या कानांपर्यंत आणि पावलांपर्यंतही पोचावेत असे वाटते, त्याच्यासाठी हा वारसा आजही खुला आहे.