सूरजागड : नद्यांच्या वेढ्यातील डोंगर

चांदा म्हटले की आपल्या वाचकांस 16 ऑक्टोबर 1956 चा दीक्षा सोहळा आणि भद्रावतीची विजासन लेणी आठवतात. जुन्या चांदा जिल्ह्याचा आग्नेय कोपरा मात्र फारसा वाचला गेला नाही. 26 ऑगस्ट 1982 पासून तो गडचिरोली जिल्ह्यात आहे. पश्चिमेस प्राणहिता, दक्षिणेस गोदावरी, पूर्वेस इंद्रावती अशा नद्यांनी वेढलेला हा अरण्यप्रदेश एखाद्या बेटासारखा भासतो. पर्लकोटेच्या पुराने भामरागड कित्येक पावसाळ्यांत बाहेरच्या जगापासून तुटलेले आहे. याच वेढ्यात, एटापल्ली तालुक्यात, सूरजागडची डोंगररांग उभी आहे.

परंतु बेट म्हणून हा प्रदेश कधीच अलिप्त नव्हता. चांद्याचे गोंड राज्य 1751 मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेले व 1854 मध्ये इंग्रजांकडे. चारच वर्षांनी मोलमपल्लीचे बाबूराव शेडमाके आणि आडपल्ली-घोटचे व्यंकटराव यांनी उठाव केला. एप्रिल 1858 मध्ये प्राणहितेकाठी तारखात्याचे दोन इंग्रज कर्मचारी मारले गेले. बाबूरावांना पकडून दिले ते अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांनी, आणि 21 ऑक्टोबर 1858 रोजी चांद्यास त्यांना फाशी झाली. हा इतिहास केवळ ‘आतले विरुद्ध बाहेरचे’ असा सांगणारे ही गोष्ट सहसा गाळतात.

पुढे लोहखनिजाकडे लक्ष गेले. या जिल्ह्यात लोखंड कोळशाच्या लहान भट्ट्यांत पूर्वीपासून गाळले जात असे. 1882 च्या सुमारास जमशेटजी टाटांनी चांदा जिल्ह्यातील लोहाऱ्याच्या खनिजाचा विचार केला होता. वरोऱ्याचा कोळसा त्या कामास योग्य ठरला नाही व ती योजना बारगळली. सूरजागडचे खनिज त्यानंतरही दीर्घकाळ डोंगरातच राहिले.

माडिया गोंडांच्या दृष्टीने हा डोंगर ठाकूरदेवाचे स्थान होय. दर जानेवारीत तेथे यात्रा भरते. 2007 मध्ये 348.09 हेक्टरचा खाणपट्टा लॉइड्स मेटल्स कंपनीस मिळाला. डिसेंबर 2016 मध्ये माओवाद्यांनी तेथील अनेक वाहने जाळली. 2021 मध्ये उत्खनन पुन्हा सुरू झाले व 2023 मध्ये वार्षिक मर्यादा 30 लाख टनांवरून 1 कोटी टन झाली. खाणीने काहींना रोजगार दिला, हेही नमूद केले पाहिजे.

एटापल्ली तालुका संविधानाच्या पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात येतो. 1996 च्या पेसा कायद्याने आणि 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेस अधिकार दिले. याच जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावास 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. ओडिशातील नियमगिरीबाबत 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डोंगरावरील उपासनेच्या हक्काचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवण्यास सांगितले व बारा ग्रामसभांनी खाण नाकारली. सूरजागडच्या विस्तारावरील जनसुनावणी ऑक्टोबर 2022 मध्ये झाली, ती डोंगरालगतच्या एकाही गावात नव्हे, तर दूरच्या गडचिरोली शहरात.