प्रवाळ जलजीवालय

प्रवाळ जलजीवालय : उष्ण कटिबंधातील समुद्रात प्रवाळशैलावर आढळणारे जीव, म्हणजे पोवळी, समुद्रपुष्पे, मृदुकाय प्राणी, शैवले आणि रंगीत मासे, त्यांच्या नैसर्गिक परिसराशी मिळत्याजुळत्या परिस्थितीत काचेआड एकत्र जिवंत राखण्याची व्यवस्था. खाऱ्या पाण्यात केवळ मासे पाळण्यापेक्षा ही गोष्ट पुष्कळच अवघड आहे. मासा थोडेफार गढूळ पाणी, अंधूक प्रकाश आणि नायट्रेटाचा साठा सहन करतो. पोवळ्याला यांतील काहीच चालत नाही. त्यामुळे असे जलजीवालय म्हणजे श्रीमंतांचा किंवा मोठ्या संस्थांचाच उद्योग, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. या विषयाचा इतिहास पाहिला, तर ती अर्धीच खरी ठरते. पैसा भरपूर असलेल्या संस्थांना शतकभर जे साधले नाही, ते साधन कमी परंतु समुद्र जवळ असलेल्या काही व्यक्तींना तुलनेने सहज साधले.

काचेच्या टाकीतील समुद्री जीवांच्या अभ्यासाची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झाली. सिसिलीतील मेसीना येथे झान व्हिलप्र-पॉवर या फ्रेंच विदुषीने १८३२ च्या सुमारास समुद्री जीवांच्या निरीक्षणासाठी काचेच्या टाक्या वापरल्या. प्रवाळ पाळण्याचा पहिला नोंदलेला यशस्वी प्रयत्न मात्र इंग्लंडमधला आहे. ॲना थिन या बाईंनी १८४६ मध्ये टॉर्की येथील किनाऱ्यावरून थंड समुद्रात एकेकटी वाढणारी पोवळी लंडनला नेली. समुद्राचे पाणी वरचेवर आणणे शक्य नव्हते, म्हणून घरातील मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीपाशी उभी राहून तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत असे. हवेतील ऑक्सिजन पाण्यात मिसळावा, एवढाच यामागील हेतू. पुढच्या वर्षी थिनबाईंनी पाण्यात समुद्री शैवले ठेवली. आजचा विजेचा पंप जे काम करतो, ते येथे एका मोलकरणीचे दोन हात करीत होते. प्रवाळ जलजीवालयाचा खर्च मुळात कशावर होतो, हे यावरून सहज लक्षात यावे.

रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० मध्ये वनस्पती व प्राणी यांच्या परस्परपूरक श्वसनावर आधारलेल्या संतुलित टाकीची कल्पना मांडली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये पहिले सार्वजनिक जलजीवालय उघडले आणि फिलिप हेन्री गॉस याच्या १८५४ मधील ग्रंथाने या छंदाला नाव व प्रसिद्धी मिळवून दिली. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी गॉसने कृत्रिम समुद्रजलाची कृतीही प्रसिद्ध केली. मीठ, मॅग्नेशियम सल्फेट, मॅग्नेशियम क्लोराइड व पोटॅशियम क्लोराइड हे तिचे घटक होते. या प्रसिद्धीचा एक परिणाम गॉसला नको होता. हौशी लोकांच्या झुंडी किनाऱ्यावर उतरल्या आणि खडकांमधील डबकी रिकामी झाली. गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ मध्ये आपल्या आठवणींत या उजाड किनाऱ्यांबद्दल खेद व्यक्त केला आहे. स्वस्तात मिळणारे जीव वस्तुतः स्वस्त नसतात, याची ही पहिली नोंद म्हणावी लागेल.

मोठ्या संस्थांचा मार्ग वेगळा होता. विल्यम ॲल्फर्ड लॉइड याने १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथे उभारलेल्या जलजीवालयात समुद्राचे पाणी ब्रायटनहून रेल्वेने आणले. हे पाणी जमिनीखालील मोठ्या अंधाऱ्या हौदात साठवून पंपाने सतत फिरविले जाई. पाणी बदलण्याऐवजी फिरविण्याचे हे तंत्र पुढे जगभर रूढ झाले. नेपल्स येथे आंटोन डोर्न या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १८७२ मध्ये संशोधन केंद्र स्थापिले आणि १८७४ मध्ये त्यातील जलजीवालय लोकांसाठी उघडले. प्रवेशशुल्कातून प्रयोगशाळा चालवावी, अशी त्याची योजना होती. सार्वजनिक जलजीवालयाच्या अर्थव्यवस्थेचा हा आदर्श अनेक देशांनी उचलला. या सर्व ठिकाणी मासे, खेकडे, समुद्रपुष्पे उत्तम जगत. शैल उभारणारी पोवळी मात्र टिकत नसत. या पोवळ्यांच्या ऊतींत सूक्ष्म शैवले राहतात आणि पोवळ्यांचे बरेचसे पोषण त्यांच्या प्रकाशसंश्लेषणातून होते, हे तेव्हा नीट ज्ञात नव्हते. अंधारे दालन व उजळलेली काच ही प्रेक्षकांच्या दृष्टीने आकर्षक मांडणी पोवळ्यांना उपासमारीची ठरली.

भारतातील पहिले समुद्री जलजीवालय मद्रासच्या मरीना किनाऱ्यावर १९०९ मध्ये उघडले. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, ते बंद पडले. महाराष्ट्रातील महत्त्वाचे उदाहरण म्हणजे मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय. चर्नी रोडजवळ मरीन ड्राइव्हवर उभारलेल्या या वास्तूला सु. ८ लाख रुपये खर्च आला. त्यातील २ लाख रुपये तारापोरवाला या पारशी दात्याच्या देणगीतून मिळाले, म्हणजे खर्चाचा चौथा हिस्सा एका देणगीतून उभा राहिला. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते २७ मे १९५१ रोजी त्याचे उद्‌घाटन झाले. व्यवस्था मत्स्यव्यवसाय खात्याकडे होती आणि मत्स्यालयाला जोडून सागरी जीवशास्त्राचे संशोधन केंद्रही चालविले जाई. डोर्नच्या नेपल्समधील योजनेशी हे जुळते. हे केंद्र नंतर कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत गेले.

समुद्र रस्त्यापलीकडे असूनही येथे प्रवाळशैलाचे दर्शन घडविण्याऐवजी माशांवरच भर राहिला. निधीची मर्यादा हे त्याचे एक कारण मानता येईल, परंतु मुख्य अडचण पाण्याची होती. मुंबईच्या किनाऱ्याचे पाणी गाळाने गढूळ असते. पावसाळ्यात खाड्यांतून येणाऱ्या गोड्या पाण्याने त्याची क्षारता घटते आणि शहराचे सांडपाणीही त्यात मिसळते. माशांसाठी असे पाणी निवळून व गाळून घेता येते. प्रवाळशैलासाठी ते जवळजवळ निरुपयोगी आहे. तेव्हा येथे मासे ठेवण्याचा निर्णय काटकसरीचा तर होताच, शिवाय शास्त्रीय दृष्ट्याही योग्य होता. मत्स्यालयाचे नूतनीकरण होऊन मार्च २०१५ मध्ये ते पुन्हा उघडले, तेव्हा त्यात १२ फूट लांबीचा पारदर्शक ॲक्रिलिक बोगदा बसविण्यात आला. प्रेक्षकांची गर्दी त्यापुढे लोटली, यात नवल नाही. तथापि बोगद्याने पाण्याचा प्रश्न सुटत नाही. २०२० नंतरच्या काळात इमारत धोकादायक झाल्याने मत्स्यालय प्रेक्षकांसाठी बंद करण्यात आले.

खर्च खऱ्या अर्थाने कमी झाला तो विसाव्या शतकाच्या मध्यानंतर, आणि तो दोन दिशांनी. पहिली दिशा साहित्याची. पूर्वी टाकीची चौकट लोखंडाची असे व काच लांबीने बसविली जाई. खाऱ्या पाण्याने लोखंड गंजे. पितळी व तांब्याच्या जोडांतून विरघळणारे तांबे तर पृष्ठवंशहीन प्राण्यांना अत्यल्प प्रमाणातही घातक असते. १९६० नंतर सिलिकोन चिकटद्रव्याने केवळ काचा जोडून टाकी करता येऊ लागली आणि प्लॅस्टिकच्या नळ्यांनी धातूची जागा घेतली. येथे एक साधा नियम खर्चाच्या दृष्टीने फार उपयोगी आहे : काचेवरील दाब पाण्याच्या खोलीवर अवलंबून असतो, एकूण साठ्यावर नव्हे. ६० सेंमी. खोलीची टाकी लांबी-रुंदीला वाढविली, तरी तळाशी असणारा दाब तोच राहतो. खोली दुप्पट केली, की दाबही दुप्पट होतो, काच जाड घ्यावी लागते व किंमत भराभर वाढते. म्हणून उथळ व पसरट टाकी हीच काटकसरीची टाकी होय. तीत प्रकाशही तळापर्यंत सहज पोहोचतो.

दुसरी दिशा अधिक महत्त्वाची. यंत्रांची कामे सजीवांकडे सोपविण्याची. न्यू कॅलिडोनियातील नूमेआ येथे रने काताला याने १९५६ मध्ये जलजीवालय सुरू केले. खुल्या समुद्राचे सतत वाहणारे पाणी आणि नैसर्गिक प्रकाश, एवढ्या भांडवलावर तेथे जिवंत पोवळी दीर्घकाळ राहिली व अतिनील प्रकाशात चमकणाऱ्या पोवळ्यांनी ते जगप्रसिद्ध झाले. इंडोनेशियातील ली चिन एंग या हौशी संग्राहकाने १९६१ मध्ये आपली पद्धत लेखरूपाने मांडली. समुद्रातून आणलेले, जीवजंतूंनी भरलेले सच्छिद्र चुनखडकाचे तुकडे, स्वच्छ समुद्रजल, ऊन आणि हवेचे मंद बुडबुडे. याखेरीज तीत कोणतेही गाळणयंत्र नव्हते. अशा ‘सजीव खडका’च्या पृष्ठभागावरील जंतू माशांच्या उत्सर्गातील विषारी अमोनियाचे प्रथम नायट्राइटात व मग नायट्रेटात रूपांतर करतात. खडकाच्या आतल्या, ऑक्सिजन न पोहोचणाऱ्या छिद्रांतील जंतू त्याच नायट्रेटापासून नायट्रोजन वायू मोकळा करतात. महागड्या यंत्राने अर्धेच होणारे काम दगड पूर्ण करतो. पाश्चात्त्य देशांत या लेखाकडे बरीच वर्षे कोणी फारसे लक्ष दिले नाही, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

पुढे जर्मनीतील हौशी मंडळींनी सजीव खडक, प्रखर दिवे व फेस काढणारे पात्र यांची सांगड घातली. ती ‘बर्लिन पद्धत’ म्हणून ओळखली जाते. या पात्रात बारीक बुडबुड्यांना चिकटून सेंद्रिय घाण फेसाबरोबर वर येते व बाहेर टाकली जाते. अमेरिकेत वॉल्टर एडी याने जाळीवर वाढविलेल्या शैवलांकरवी पाणी शुद्ध करून घेतले. मोनाको येथे झां झोबेर याने वाळूच्या जाड थराखाली पाण्याची मोकळी पोकळी ठेवून तेच साधले. ऑस्ट्रेलियातील टाउन्सव्हिल येथे १९८७ मध्ये उघडलेल्या, सु. २५ लाख लि. पाणी मावणाऱ्या उघड्या प्रवाळ-टाकीत प्रथम एडीच्या शैवल-जाळ्या योजिल्या होत्या.

समुद्रापासून दूरच्या प्रदेशात हिशेब बदलतो. पुणे जिल्ह्यातील मुळशीचे उदाहरण घेता येईल. सह्याद्रीच्या माथ्यावरील हा तालुका अरबी समुद्रापासून फार लांब नाही. एवढेच नव्हे, तर ज्या धरणासाठी १९२१ मध्ये मुळशीचा सत्याग्रह झाला, त्याचे पाणी घाटाखालील भिरा येथील वीजगृहातून (१९२७) कोकणात उतरते. एरवी मुळेचे पाणी भीमा-कृष्णेच्या वाटेने बंगालच्या उपसागराला जावयाचे. तरीही घाटावर समुद्र विकतच घ्यावा लागतो. समुद्राच्या १ लि. पाण्यात सु. ३५ ग्रॅ. क्षार असतात. त्या हिशेबाने १,००० लि. टाकीला ३५ किग्रॅ. क्षारमिश्रण लागते, आणि दरमहा एक-दशांश पाणी बदलले तरी आणखी ३·५ किग्रॅ. लागते. केवळ बाजारी मीठ येथे चालत नाही, कारण पोवळ्यांना सांगाड्यासाठी कॅल्शियम व कार्बोनेट यांचा अखंड पुरवठा हवा असतो. बाष्पीभवनाने पाणी उडते, क्षार मागे राहतात. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याचीच घालावी लागते. सह्याद्रीतील पावसाचे छपरावरून स्वच्छ गोळा केलेले पाणी या कामी उत्तम व फुकट. त्याच पावसाळ्याचे ढग मात्र महिनोन्‌महिने ऊन अडवितात. ली चिन एंगची उन्हावर चालणारी पद्धत घाटमाथ्यावर जशीच्या तशी चालणार नाही; दिव्यांचा आणि विजेचा खर्च टळत नाही. पाण्याचे तापमान २४° ते २८° से. राखणे मात्र या थंड हवेत मुंबईपेक्षा सोपे जाते.

सजीव खडकाला पर्याय म्हणून सिमेंट, शिंपल्यांचा चुरा व जाड मीठ यांच्या मिश्रणाचे ठोकळे घरीही ओतता येतात. मीठ विरघळून छिद्रे पडतात. सिमेंटातील अल्क निघून जाण्यासाठी हे ठोकळे कित्येक आठवडे गोड्या पाण्यात ठेवावे व पाणी वारंवार बदलावे लागते. त्यानंतर जंतूंची वस्ती जमेपर्यंत टाकी रिकामी ठेवणे आवश्यक असते. या धंद्यात घाई हाच सर्वांत मोठा खर्च आहे. निम्म्याहून अधिक टाक्या पहिल्या काही महिन्यांत बिघडत असाव्यात, त्या पैशाच्या अभावी नव्हे.

भारतात या विषयाला कायद्याची बाजू आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये सर्व पाषाणी प्रवाळे, काळी प्रवाळे, अग्निप्रवाळे, ऑर्गन-पाइप प्रवाळे व समुद्रपंखे समाविष्ट झाली. ती समुद्रातून काढणे, बाळगणे वा विकणे हा गुन्हा आहे. हौशी संग्राहकाला म्हणून मुख्यत्वे मासे, शैवले आणि कृत्रिम खडक यांवरच आपला शैल उभारावा लागतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर प्रवाळे आहेतच : सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील मालवण सागरी अभयारण्य (१९८७) आणि विजयदुर्गच्या पश्चिमेस खोल समुद्रातील, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखला जाणारा आंग्रिया बँक हा बुडालेला पठारी प्रदेश ही त्यांची प्रमुख ठिकाणे. गढूळ मुंबईतही ती अगदीच नाहीत असे नाही. सागरी किनारा मार्गाच्या कामात वरळी व हाजी अली येथील खडकांवर लहान प्रवाळ-वसाहती आढळल्या. २०२० मध्ये वन विभागाची परवानगी घेऊन, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांच्या देखरेखीखाली त्या उचलून किनाऱ्यावर अन्यत्र बसविण्यात आल्या. तारापोरवाला मत्स्यालयापासून हे खडक काही किलोमीटरांवरच आहेत.